जुन्या ट्रकचे पाटे उतरवताय? जुगाड कुठं चालतो आणि कुठं अंगाशी येतो

आमच्या चुलत्यांची टाटा १२१० एसई, म्हणजे तोंड थोडं पुढं आलेली ती जुनी गाडी, सहा वर्षं गोठ्यामागं उभी होती. परत चालू करायची म्हणून इंजिन केलं, ब्रेक केले आणि वाटलं पाट्यांचं, म्हणजे एक्सलवर गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगांचं, काय एवढं, लोखंडाच्या पट्ट्या त्या, त्यांना काय होतंय. शेवटी सगळ्यात जास्त दिवस त्यांनीच खाल्ले. काही सामान मिळालंच नाही, काही मिळालं ते बसेना, आणि काही बसलं ते बसायला नको होतं हे नंतर कळलं. तेव्हा कुणाला अशी जुनी गाडी खालून उभी करायची असेल तर आम्ही काय बनवून घेतलं, काय भंगारातून आणलं आणि कशात हात पोळले ते सगळं लिहून ठेवतोय. १२१० चं सांगतोय पण पाट्यांवरच्या कुठल्याही जुन्या गाडीला बहुतेक लागू पडेल.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला होता, तो मी आता प्रत्येक पार्टला विचारतो. हा पार्ट चालता चालता तुटला तर काय होईल? नुसता आवाज येईल, गाडी थोडी आदळेल, एवढंच असेल तर बिनधास्त जुगाड करा. पण तुटल्यावर एक्सल जागा सोडणार असेल किंवा स्टेअरिंग हातातून जाणार असेल तर तिथं जुगाड नाही, तिथं नवा आणि नीट पार्ट, नाहीतर गाडी उभी. मेन पाटा (सगळ्यात वरचा, ज्याची टोकं चासीला जोडलेली असतात), यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), हँगरचे (पाट्याचं टोक चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटचे) बोल्ट ही मंडळी दुसऱ्या गटातली. क्लिपा (पाटे एकत्र धरणाऱ्या), बंपचे रबर (एक्सल चासीवर आदळू नये म्हणून असतात ते), मधले खालचे पाटे, शॉकअपचे बुश (पिन किंवा बोल्ट ज्यात बसतो ती नळी) हे पहिल्या गटातले. शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी) पिन मधोमध, ती बनवून घेता येते पण कुठल्या मालाची आणि कुणाकडून यावर सगळं आहे.

खोलायच्या आधी मापं घ्या. हे मी ओरडून सांगतोय कारण आम्ही घेतली नव्हती. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी असताना चारी बाजूला चाकाच्या मध्यापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत किती आहे ते लिहा, पुढच्या हँगर पिनेपासून एक्सलच्या मध्यापर्यंत डावीकडं किती उजवीकडं किती ते लिहा, शॅकल कुठल्या बाजूला किती कलला आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा, ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, कुठून कसा जातो त्याचा पण काढा. प्रत्येक पाट्यावर खडूनं नको, पेंटनं नंबर टाका, वरून खाली, आणि पुढची बाजू कुठली त्याचा बाण, कारण सेंटर बोल्टचं (सगळे पाटे मधे ओवून धरणाऱ्या बोल्टचं) भोक बऱ्याच पाट्यांत बरोबर मधोमध नसतं आणि पाटा उलटा बसला की एक्सल तेवढा पुढं मागं जातो. खडू पहिल्याच डिझेलच्या फडक्यात पुसला जातो, आमचा गेला.

उतरवताना चासी वेगळी टेकवायची आणि एक्सल वेगळा. चासीखाली जाड लाकडी स्लीपर किंवा घोडे, एक्सलखाली जॅक, दुसऱ्या टोकाच्या चाकांना पुढं मागं दगड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. एक्सलचा जॅक खाली वर करून पाट्यावरचा ताण गेला की मगच यू बोल्टना हात लावा. नट गंजून बसलेत म्हणून पाईप लावून तासभर झोंबू नका, कापून काढा, कारण यू बोल्ट तसेही परत वापरायचे नाहीत. आणि पाट्यांची थप्पी खाली आल्यावर सेंटर बोल्ट काढायच्या आधी दोन्ही बाजूला दणकट क्लॅम्प लावा किंवा व्हाईसमध्ये धरा. प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असते, ते एकमेकांना दाबून धरलेले असतात, बोल्ट सुटला की थप्पी उसळते. मागची थप्पी दोन माणसांना पण जड जाते, पायावर पडली तर हंगाम संपला.

सगळे पाटे सुटे करून वायर ब्रशनं घासून घ्या आणि एकेक पाटा दोरीला टांगून हातोडीनं वाजवा. चांगला पाटा घंटेसारखा टणटणतो आणि आवाज रेंगाळतो, तडा गेलेला भद्द वाजतो. तडा डोळ्याला दिसत नसेल तर रॉकेल किंवा डिझेल लावून दहा पंधरा मिनिटं ठेवा, फडक्यानं कोरडा पुसा, वरून खडूची बारीक पूड भुरभुरा आणि पाट्याला दोन ठोके द्या, तड्यात मुरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. फुकटातली टेस्ट आहे पण आमच्या मागच्या थप्पीतला तिसरा पाटा हिच्यातच सापडला. बघायचं कुठं तर सेंटर बोल्टच्या भोकाभोवती, डोळ्याच्या (मेन पाट्याच्या टोकाला पिनेसाठी वळवलेल्या गोलाच्या) वळणाला, आणि आतल्या म्हणजे खोलगट बाजूला, कारण वजन आलं की पाटा सपाट व्हायला बघतो आणि ताण त्या बाजूला पडतो. खालच्या पाट्याचं टोक घासून जिथं खड्डा पडलेला असतो तिथून पण तडे सुरू होतात.

आता तुटलेल्या पाट्याच्या जागी काय घालायचं. मेन पाटा नवाच घ्या, आणि दुसऱ्या पाट्याला मेनच्या डोळ्याभोवती अर्धं वेटाळं असेल तर तो पण. त्याच्या खालच्यांना मात्र भंगारातला पाटा चालतो, फक्त चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. रुंदी तीच पाहिजे, नाहीतर क्लिपेत आणि यू बोल्टमध्ये बसणार नाही. जाडी तीच पाहिजे, आणि इथं बहुतेक लोक फसतात. भंगारवाला म्हणतो दहाच्या जागी बारा एमएमचा घाला की, जास्त मजबूत होईल. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर जातो, दहाचा हजार धरला तर बाराचा सतराशे अठ्ठावीस, म्हणजे तो एकटा पाटा बाकीच्यांपेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास कडक. तो दबत नाही, वजन स्वतःवर घेतो, आणि तेवढ्याच वाकण्याला जाड पाट्यात ताण पण जास्त येतो, म्हणून मजबूत म्हणून घातलेला पाटाच पहिला मोडतो. फक्त एक एमएमचा फरक, दहाच्या जागी अकरा, तरी कडकपणा तेहतीस टक्के वाढतो. त्यामुळं टेप नाही, व्हर्निअर घेऊन जा, आणि गंज घासून मगच माप घ्या.

तिसरी गोष्ट कमान. थप्पीत खालचा पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकडा असतो, सुटे एकमेकांवर ठेवले की मधे थोडी फट दिसते आणि बोल्ट आवळल्यावर ती मिटते. भंगारातला पाटा झोपलेला असेल, वरच्यापेक्षा सपाट, तर तो टोकाला नुसता लोंबत राहणार, काम काही करणार नाही आणि वाजणार. चौथी गोष्ट सेंटरचं भोक. लांब पाटा घेऊन दोन्ही टोकं कापून बरोबर करता येतो, पण भोक पाहिजे त्याच मापाचं आणि जागेवर पाहिजे, कारण कडक केलेल्या पाट्यात साधं ड्रिल चालत नाही, आणि गॅसनं लाल करून भोक पाडलं की त्या जागेचं पाणी गेलं, पुढं तिथंच तुटणार. भोक धरून माप टाका आणि टोकं कटिंग व्हीलनं कापा, सावकाश, मधे मधे थांबून. गॅस कटरनं कापलेली कड कडक आणि ठिसूळ होते, कापलंच असेल तर पुढचा दहा बारा एमएमचा भाग ग्राइंडरनं खाऊन टाका. कडा गोल करा, नाहीतर त्या कडेनं वरचा पाटा खोदला जातो.

आणि वेल्डिंग, पाट्याला कुठंही नाही. तुटलेला पाटा जोडून देतो म्हणणारे भेटतात, जोडतात पण, तो शेताच्या बांधापर्यंत जातो. गॅसची ठिणगी किंवा वेल्डिंगची अर्थ पण पाट्यावरून घ्यायची नाही, एवढ्याशा चटक्यानं सुद्धा तिथं तडा सुरू होतो. बॉडीचं वेल्डिंग करायचं असलं तर पाट्यांवर ओलं पोतं टाका.

झोपलेल्या पाट्यांना परत कमान देणं हे वेगळं काम आहे आणि ते ज्याचं त्यालाच जमतं. हायवेच्या कडेला पाटेवाले बसलेले असतात, खाली दोन टेकू, वर खोलगट बाजू, आणि घणाचे एकसारखे ठोके टोकापासून मध्यापर्यंत. थंडच करतात ते बरं. भट्टीत लाल करून वाकवणारे पण असतात, ते चांगलं तेव्हाच जेव्हा नंतर तेलात विझवून परत ठराविक तापमानाला तापवून टेंपर करतात. सिलिको मँगनीजचं स्प्रिंग स्टील असतं, ते साधारण साडेआठशे नऊशे डिग्रीला तापवून तेलात आणि मग साडेचारशे पाचशेच्या आसपास टेंपर, हे रस्त्याकडेच्या कोळशाच्या भट्टीत अंदाजपंचे होत नाही. नुसता लाल करून वाकवून मातीत गार केलेला पाटा दिसायला झकास आणि पहिल्या लोडला परत झोपला, हे आमच्या शेजारच्या गाडीचं झालं. थंड ठोकून घेताना एकच बघा, घणाचं तोंड गोल आणि गुळगुळीत पाहिजे. धारदार कडेचे वण उठले तर ते ताणाच्या बाजूलाच आहेत. डावी उजवी थप्पी बांधून झाल्यावर डोळ्यापासून डोळ्यापर्यंत दोरा ताणून मधली खोली मोजा, दोन्हीकडं पाच एमएमच्या आत आली पाहिजे. नाही आली तर गाडी कायमची एका बाजूला कललेली दिसणार आणि लोक विचारत राहणार.

आता पिना आणि बुश, माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात महागात पडलेला विषय. दिवाळीच्या सुट्टीत मार्केट बंद, काम अडलेलं, आम्ही जवळच्या वर्कशॉपमध्ये साध्या ब्राईट बारची पिन कातून घेतली, माप एकदम बरोबर, बसली पण लोण्यासारखी. दोन महिन्यात गाडी डावीकडं ओढायला लागली. काढायला गेलो तर पिनेला बोट बसेल एवढी खाच पडलेली आणि त्या खाचेमुळंच ती बाहेर येईना, शेवटी शॅकल कापून काढला. पिनेचा माल मऊ, बुश घट्ट, वर धूळ आणि ग्रीस मिळून खरकागद, दुसरं काय होणार होतं.

पिन बनवायची तर माल विचारून बनवा. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ईएन ३५३ सारखा केस हार्डनिंगचा माल, कातून, कार्बुराइज करून, वरून कडक आतून चिवट. दुसरा ईएन ८ किंवा ईएन १९ घेऊन त्याला इंडक्शन हार्डनिंग. दोन्हीत वरचा थर साधारण ५५ ते ६० रॉकवेल (कडकपणाचं माप) आला पाहिजे आणि मग ग्राइंडिंग. घरी तपासायचं तर चांगली नवी कानस ओढून बघा, कडक पिनेवर कानस नुसती घसरते, मऊवर चावते. कोल्हापूरकडच्यांना हे सोपं आहे, उद्यमनगरात एका गल्लीत कातणारा, दुसऱ्या गल्लीत ग्राइंडिंगवाला, हीट ट्रीटमेंट पण जवळपासच होतं. एका पिनेसाठी कुणी भट्टी पेटवत नाही, त्यांच्या दुसऱ्या लॉटबरोबर टाकून घ्यायची, म्हणून सगळ्या पिना एकदम करा आणि चार दिवस थांबायची तयारी ठेवा. भंगारातला जुना अर्ध्या एक्सलचा शाफ्ट कापून पिन करतात काही जण, चिवट असतो पण वरचा कडक थर कातताना निघून जातो, मग परत तीच गत. परत कडक करून घेणार असाल तरच.

ग्रीसचं भोक विसरू नका. टोकाकडून लांब भोक, मधे आडवं भोक, टोकाला निप्पलचे आटे. आडव्या भोकाचं तोंड ज्या बाजूला वजन येत नाही त्या बाजूला ठेवायचं, म्हणजे ग्रीसला शिरायला जागा मिळते, वजनाच्या बाजूला ठेवलं तर बुशच ते बंद करून बसतो आणि तुम्ही पंप मारत राहता.

बुश. मूळचा मिळाला तर प्रश्नच नाही. नाही मिळाला तर फॉस्फर ब्राँझ किंवा गनमेटलचा कातून घ्या. गनमेटल म्हणून पितळ खपवणारे आहेत, पितळ पिवळं असतं, गनमेटल लालसर, तेवढं बघून घ्या. नायलॉनचे पण लोक घालतात, हलक्या गाडीला बरे आहेत, आवाज येत नाही, पण लोडच्या गाडीला उन्हाळ्यात पसरतात असा माझा अनुभव, मी घालत नाही. जीआय पाईपचा तुकडा बुश म्हणून कुणी सुचवला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

जुना बुश काढायला हातोडा मारत बसू नका, डोळा उघडतो. हॅक्सॉचं पातं आतून घालून बुशला दोन ठिकाणी चिरा द्या, पाट्याला पातं लागू न देता, मग छिन्नीनं आत दुमडा, निघून येतो. नवा घालायला प्रेस नसेल तर पूर्ण आटे असलेला जाड रॉड, दोन नट, एका बाजूला बुशपेक्षा मोठा पाईपचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला जुन्या बेअरिंगची चपटी रिंग वॉशर म्हणून, पान्यानं फिरवत ओढून घ्या, सरळ जातो. त्याआधी रात्रभर बुश फ्रीजरला ठेवा, घरचे बोलतात ते ऐकून घ्या. ४० एमएमचा ब्राँझ बुश ३० डिग्रीवरून उणे १५ वर गेला की साधारण तीन शतांश एमएम आकसतो, ऐकायला काहीच नाही पण दाबून बसवायची जी घट्टाई ठेवलेली असते ती पण तेवढीच असते. डोळा मात्र गरम करायचा नाही, तो पाट्याचाच भाग आहे. बुश आत गेल्यावर त्याचं आतलं भोक थोडं मिटतं, म्हणून आतलं माप कमी ठेवून नंतर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवा. पिन ग्रीस लावून हाताच्या जोरानं गेली पाहिजे, हातोडीनं गेली तर घट्ट आहे आणि स्वतःच्या वजनानं खाली पडली तर ढिली. २५ ते ३० एमएमच्या पिनेला पाच ते दहा शतांशची मोकळीक बास.

हँगर ब्रॅकेटचंच भोक खाल्लेलं असेल तर ते वेल्डिंगनं भरून परत ड्रिल करणारे खूप आहेत. ब्रॅकेट ओतीव असतो, साध्या रॉडनं भरलेलं तिथून उकलतं. ब्रॅकेट उतरवा, बोरिंगला द्या, तीन एमएम जाडीची पोलादी स्लीव्ह दाबून बसवा, मूळ माप परत मिळतं. ब्रॅकेटचे रिव्हेट ढिले असतील, आणि जुन्या गाडीत असतातच, भोवती लाल गंजाची रेघ दिसली की समजा हलतोय. रिव्हेट मारणारा आता शोधून सापडत नाही. तिथं १०.९ ग्रेडचा बोल्ट चालतो पण भोक रीमरनं गोल करून, बोल्ट त्यात घट्ट बसला पाहिजे आणि भोकात आटे नाही, साधा गुळगुळीत भाग आला पाहिजे. आटे भोकात आले की ते करवतीसारखं चासी खातात. चासीच्या वरच्या खालच्या पट्टीला नवीन भोकं पाडायची नाहीत, वेल्डिंगचा टाका पण नाही, जे काही करायचं ते उभ्या बाजूला.

सेंटर बोल्ट हा माझ्या मते सगळ्यात सुंदर जुगाड. त्याचं डोकं गोल नळीसारखं पाहिजे, एक्सलच्या खाचेत बसायला, आणि नेमकं त्या मापाचं मिळत नाही. अॅलन की बोल्टचं डोकं तसंच असतं, एम १० चं डोकं १६ एमएम, एम १२ चं १८, उंची बोल्टच्या जाडीएवढी. खाच बघून मोठा घ्यायचा आणि डोकं लेथवर खाचेच्या मापाला उतरवायचं. बारा पॉईंट नऊ ग्रेडचा असतो, लेथवाल्याला कार्बाईड टीप लागते, कुरकुरतो, पण होतं. खाच मोठी आणि डोकं लहान असेल तर वर रिंग दाबून बसवा. साधा बिनमार्कचा बोल्ट घालू नका. तरी एक लक्षात ठेवा, सेंटर बोल्ट तुटतो तो त्याच्या स्वतःच्या दोषानं क्वचित, यू बोल्ट ढिले होतात, थप्पी सरकते आणि सगळा जोर त्या बिचाऱ्यावर येतो. बोल्ट बदलून बदलून थकलेले लोक बघितलेत, यू बोल्ट कुणी आवळत नाही.

यू बोल्ट नवीनच. एकदा ताणलेले आटे परत तेवढं धरत नाहीत. दुकानात जुन्या गाडीचं माप नसेल तर बनवून देतात, पण काळ्या सळईला आटे पाडून वाकवून देणाऱ्याकडून नाही, हाय टेन्साइल मालाचे आणि नट पण त्याच तोडीचे, उंच नट. आमच्याकडं एका दुकानातून आणलेले यू बोल्ट आवळता आवळता लांब होत गेले, नट फिरतोय फिरतोय आणि घट्ट होतच नाही, तेव्हा कळलं की लोखंड खेचलं जातंय. गुपचूप परत केले. आवळायचे आडवे तिडवे, एकेक थोडं, चारी सारखे. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा, मीटरभर पाईपच्या टोकाला चाळीस किलोचा जोर म्हणजे जवळजवळ चारशे न्यूटन मीटर. तुमच्या बोल्टच्या मापाला किती पाहिजे ते सर्व्हिस मॅन्युअलमधून, ते नसेल तर दुकानदाराकडून विचारून घ्या आणि वजनकाट्याला पाईप अडकवून एकदा आपला जोर मोजून बघा, आपल्याला वाटतो त्यापेक्षा तो बराच वेगळा निघतो.

क्लिपा घरी करा, मजा येते. ३० बाय ६ ची साधी पट्टी, यू आकारात वाकवायची, वरून बोल्ट, आणि बोल्टवर अर्ध्या इंची पाईपचा तुकडा पाट्याच्या रुंदीपेक्षा एक दोन एमएम लांब. तो तुकडा विसरला तर बोल्ट आवळल्यावर क्लिप पाट्यांना चिमटीत पकडते आणि पाटे सरकत नाहीत, गाडी दगडासारखी चालते. पाट्यांमधे ग्रॅफाईट ग्रीसचा पातळ हात द्या. जाड थापू नका, ऊसाच्या रानातली माती सगळी तिथंच चिकटते.

बंप रबरला कन्व्हेअर बेल्टचा तुकडा. साखर कारखान्याच्या किंवा खडी क्रशरच्या भंगारात मिळतो, आत कापडाचे थर असतात त्यामुळं फाटत नाही. चौकोन कापून पाच सहा थर एकावर एक, वर खाली लोखंडी पट्टी, मधून दोन बोल्ट, डोकी आत बुडवून. उंची मूळ रबराएवढीच ठेवा. कमी ठेवली तर खड्ड्यात पाटा उलटा वाकतो, जास्त ठेवली तर गाडी कायम रबरावरच बसलेली. शॉकअपच्या डोळ्यातले रबर जुन्या टायरच्या बाजूच्या भागातून कापून होतात, तारा नसलेला भाग बघून.

शॉकअप दुसऱ्या गाडीचा बसतो, पण डोळ्याचं भोक जुळलं म्हणून घेऊन येऊ नका, ते तर स्टेप बुशनं पण जुळवता येतं. बघायची ती लांबी. एक्सल पूर्ण लोंबकळत असताना वरच्या खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा, मग बंप रबर टेकलेलं असताना मोजा. शॉकअप पूर्ण उघडल्यावर पहिल्यापेक्षा लांब पाहिजे आणि पूर्ण मिटल्यावर दुसऱ्यापेक्षा आखूड, दोन्हीकडं वीसेक एमएम हातचे ठेवून. नाहीतर खड्ड्यात शॉकअपच स्टॉपर होतो आणि ब्रॅकेट उपटून निघतो. बसवायच्या आधी उभा धरून पाच सहा वेळा पूर्ण ओढा दाबा, आतली हवा निघते.

बांधताना लांब आटेवाला रॉड सेंटरच्या भोकातून घालून थप्पी ओढून घ्या, क्लॅम्प लावा, मग रॉड काढून सेंटर बोल्ट. गाडी चाकांवर उतरवल्यावर परत ती पहिली मापं काढा. हँगर पिन ते एक्सल दोन्हीकडं सारखं पाहिजे, तीन चार एमएमच्या पुढं फरक असेल तर कुठंतरी पाटा उलटा बसलाय किंवा सेंटर बोल्टचं डोकं खाचेत गेलेलंच नाही. कमान दिल्यामुळं गाडी उचलली असेल तर ब्रेकचा होज एक्सल पूर्ण लोंबताना ताणत नाही ना ते नक्की बघा, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून. पुढची कमान बदलली की अलाइनमेंट परत करावं लागतं. एखादा पाटा वाढवला तर लोक म्हणतात आता दोन टन जास्त टाका. पाटा वाढवून आरसी बुकातलं वजन वाढत नाही, एक्सल, ब्रेक आणि टायर तेच असतात, आणि पासिंगला साहेबांनी वाकून बघितलं तर ते पण काढायला लावतात.

पहिले पन्नास किलोमीटर रिकामी चालवा, थांबा, यू बोल्ट आवळा. पेंट, गंज, खवले सगळं दबून बसतं आणि नट अर्धा फेरा तरी घेतातच, आमचे पाऊण घेतले. मग अर्धा लोड, परत आवळा. पाचशे किलोमीटरला परत. नंतर ग्रीसिंगच्या वेळी हातोडीनं टकटक करून बघितलं तरी चालतं.

केबिनमधे आम्ही आता कायम एक पोतं ठेवतो. त्यात एक तयार सेंटर बोल्ट, एका बाजूचे यू बोल्ट नटासकट, दोन मीटर जाड साखळी, दोन बोल्ट क्लॅम्प आणि एक बाभळीचा ठोकळा. करूळ घाटात वगैरे मेन पाटा गेला तर माल उतरवून घ्यायचा, चासी जॅकवर उचलायची, ठोकळा एक्सल आणि चासीच्या मधे घालून तारेनं बांधायचा, म्हणजे बॉडी टायरवर बसत नाही, आणि साखळीनं एक्सल पुढच्या हँगरला ओढून बांधायचा, म्हणजे ब्रेक लावल्यावर तो मागं सरकत नाही. मग पहिल्या गिअरमधे, माणूस चालतो त्या चालीनं, पुढच्या गावापर्यंत. हे मागच्या पाट्याचं झालं. पुढचा मेन पाटा तुटला असेल तर ठोकळा साखळी काही नाही, टोइंगवाल्याला फोन करा आणि मागं पन्नास पावलांवर झाडाची फांदी टाकून बसा.